दिवाळसणाचा पलंग

दिवाळसणाला जावयाने रुसायचं असतं, एवढं आमच्या ह्यांना कुणीतरी आधी सांगून ठेवलं होतं. काय मागायचं हे सांगायचं मात्र राहून गेलं.

लग्नानंतरची आमची पहिली दिवाळी. माझं माहेर बोरीवलीला, सासर म्हणजे मुलुंडच्या दोन खोल्या आणि त्यांत आम्ही दोघंच, कारण सासूसासरे कोकणात होते. पाडव्याला बोरीवलीच्या ओटीवर पंगत बसली. रीत अशी की जावयाने पानावर बसायचं, पहिल्या घासाला हात आखडता घ्यायचा, सासूने 'काय हवं?' विचारायचं, जावयाने लाजत लाजत घड्याळ नाहीतर अंगठी म्हणायचं आणि सासऱ्याने आधीच आणून ठेवलेली डबी खिशातून काढायची. सगळं नाटक घरोघरी पाठ असतं. बाबांच्या कोटाच्या खिशात मनगटी घड्याळ सकाळपासून तयार होतं. माझ्या मावशीने ह्यांना बाजूला घेऊन दोनदा बजावलंही होतं, "मनापासून हवं असेल ते मागा हो, लाजू नका." ती बिचारी बोलायची पद्धत म्हणून बोलली. ह्यांनी ते खरं धरलं.

ह्यांनी हात आखडला. आईने हसू दाबत विचारलं, "काय हवं जावईबापूंना?"

"पलंग," हे म्हणाले.

मी श्रीखंडाचं पातेलं घेऊन पंगतीच्या मध्यावर होते. त्यानंतर मी ते कुणाच्या पानात वाढलं आणि कुणाच्या आमटीत, हे मला आजपर्यंत आठवलेलं नाही. हे तेवढ्यावर थांबले असते तर निभावून गेलं असतं. पण आमचे हे कचेरीत इमारतींचे नकाशे काढायचे, आणि कुठलीही गोष्ट मापाशिवाय अर्धवट सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. सगळे गप्प आहेत म्हणजे आपलं बोलणं नीट कळलेलं नाही, असं समजून ते खुलासा करायला लागले.

"म्हणजे साधा नको. एका बाजूने डोक्याकडून वर उचलता येईल असा. हिला सपाट लागतं, मला उतरतं लागतं. सध्या फार गैरसोय होते."

मावशीने पदराचा बोळा तोंडात कोंबला. काकूला ठसका लागला तो पाणी पिऊन जाईना. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "मागितलंन् तर काय मागितलंन्!" आणि मग ओटीवर हसण्याचा जो लोंढा आला, त्याला बांध घालणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. मी पातेलं तिथेच ठेवून मागच्या पडवीत पळाले आणि पाणी तापवायच्या बंबाआड जाऊन बसले. कानशिलं तापली होती. नवऱ्याला उचलून विहिरीत टाकावं असं वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही हसू आवरत नव्हतं, कारण माणूस एक अक्षर खोटं बोलला नव्हता.

ह्यांची गोष्ट अशी. शिकायला मुंबईत आले तेव्हा हे एका नातेवाइकांकडे राहायचे. त्या घरात माणसं इतकी की रात्री जमिनीवर पाऊल ठेवायला जागा नसायची. ह्यांच्या वाट्याला गॅलरीतली आरामखुर्ची आली. कितीतरी वर्षं हे त्या खुर्चीतच झोपले, आणि शेवटी असं झालं की आडवं पडलं की ह्यांची छाती दडपायची. लग्नात ह्यांनी स्वतःचं म्हणून जे सामान मुलुंडला आणलं, त्यात एक ट्रंक होती आणि एक आरामखुर्ची होती.

माझं सगळं उलटं. मी आईवर गेलेली. जमीन, चटई, आणि उशीसुद्धा नको. पाठीला टणक लागलं नाही की मला झोप नाही. लग्नात मिळालेल्या जाड गादीवर मी एक रात्र काढली आणि सकाळी माझी मान अशी वळली होती की दूधवाल्याशी बोलायला मला सबंध अंगाने फिरावं लागलं.

मग आम्ही उपाय केले. ह्यांच्या पाठीमागे घरातल्या सगळ्या उशा रचल्या, त्या घसरून माझ्या अंगावर आल्या. ट्रंक लावून पाहिली, तिची कडी ह्यांच्या बरगडीत रुतली. मी एकदा हट्टाने खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची मांडून झोपायला बसले, तर झोपेत पुढे कलंडून पडले आणि खालच्या मजल्यावरून ओरडा आला. शेवटी हे खुर्चीत आणि मी खाली चटईवर, असं ठरून गेलं. बोलायचं झालं तर मला मान वर करून बोलावं लागायचं आणि ह्यांना विहिरीत डोकावल्यासारखं वाकावं लागायचं. दिवसभर कचेरी, रांधणं, येणंजाणं. नव्या नवरा-बायकोला जे काय बोलायचं असतं ते दिवे मालवल्यावरच, आणि तेव्हाच आमच्यात एका खुर्चीची उंची यायची. मला माझ्या नवऱ्याच्या शेजारी झोपायचं होतं. एवढी साधी गोष्ट, पण त्या काळात ती कुणाला सांगायची? आईला सांगणं शक्य नव्हतं, मैत्रिणींना सांगितलं असतं तर त्यांनी गावभर केलं असतं. आणि ह्या गृहस्थाने ती भर पंगतीत, चार काकवा-मावश्यांच्या साक्षीने, माझ्या वडिलांना सांगून टाकली होती.

बंबाआडून मी बाबांचा आवाज ऐकला. बाबा तापट, पण रीतीला जागणारे. "हसताय काय सगळे? जावयाने ताटावर मागितलेलं नाकारायची आपल्यात पद्धत नाही. पलंग मिळेल." मग खिशातलं घड्याळ त्यांनी स्वतःच्याच मनगटावर बांधलं आणि त्यानंतर आयुष्यभर दर दहा मिनिटांनी किती वाजले ते न विचारता सांगत राहिले.

पलंग निवडायला आम्ही तिघं निघालो. हे, मी आणि बाबा. हे सोबत नकाशा घेऊन. त्यात ह्यांच्या बाजूला चढ दाखवला होता, माझ्या बाजूला सरळ रेघ, आणि मधे तुटक रेघ. बाबांनी तो कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "जावईबापू, हा पलंग आहे का घाटातला रस्ता?"

पहिलं दुकान घाटकोपरला. तिथे स्प्रिंगचा पलंग होता. दुकानदार गुजराती, हौशी माणूस. "बेसो ना, बेसून बघा," म्हणत त्याने ह्यांना एका कडेला बसवलं, मला दुसऱ्या कडेला. दोघं बसल्याबरोबर पलंगाने मधे खड्डा केला आणि आम्ही दोन्हीकडून घरंगळत येऊन एकमेकांवर आदळलो, बाबांच्या देखत. बाबांनी ताबडतोब पाठ फिरवून भिंतीवरचं लक्ष्मीचं कॅलेंडर वाचायला घेतलं. दुकानदार खुशीत म्हणाला, "बघा, नवरा-बायकोमधे भांडणच नाय होणार." मी ताडकन उठले. मी उठल्यावर पलंगाने ह्यांनाही वर फेकलं.

दुसरा अंधेरीला, मोडीतलं सामान विकणारा. लढाई संपल्यावर लष्कराच्या इस्पितळातल्या खाटा त्याच्याकडे येऊन पडल्या होत्या. पायथ्याशी हँडल, ते फिरवलं की डोक्याकडचा भाग वर. हे त्या हँडलच्या प्रेमातच पडले. पण वर उठायची ती सबंध खाट, माझी बाजू धरून. "मग तूही थोडी सवय कर ना," हे म्हणाले. मी म्हटलं, "अहो, मी आजारी नाही." बाबांना आमचं भांडण ऐकायचं नव्हतं, म्हणून ते "बघू तरी" म्हणत स्वतःच टोपी सावरून खाटेवर आडवे झाले. विकणाऱ्याने जोर करून हँडल फिरवलं. बाबा डोक्याकडून वर आले. मग पायाकडूनही वर आले. आणि मग हँडल अडकलं. माझे वडील मधे घडी घातलेल्या सतरंजीसारखे त्या खाटेत अडकून बसले, टोपी नाकावर. "किती वाजले?" असं विचारायला मला नेमकं तेव्हाच का सुचलं देव जाणे. बाबांनी त्या अवस्थेतही घड्याळ पाहून सांगितलं. ते सुटेपर्यंत मी आणि हे दुकानाबाहेर जाऊन एकमेकांना धरून इतके हसलो की रस्त्यावरच्या बायका थांबून बघायला लागल्या.

शेवटी वाकोल्याच्या गावठाणातल्या एका सुताराचं नाव कळलं. ख्रिस्ती, मराठीच बोलणारा, त्यांच्या देवळाचे बाक आणि आरामखुर्च्या करणारा. चिंचेखाली त्याची शेड. ह्यांचा नकाशा त्याने पाहिला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "एक बाजू बाक, एक बाजू खुर्ची. असंच ना?" आम्ही तिघांनी एकदम मान हलवली. इतक्या दिवसांत आम्हाला हे एका वाक्यात सांगता आलं नव्हतं. आधी त्याने नुसत्या पाठीचा नमुना करून दाखवला. खाली एक फळी, तिला बिजागरीवर दुसरी, मागे टेकू आणि टेकूला वेगवेगळ्या उंचीच्या खाचा. ह्यांनी तो भिंतीला लावून टेकून पाहिला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हाच."

पलंग तयार झाल्याचा निरोप आला तेव्हा आईही सोबत आली. खरं तर तिला यायचं नव्हतं. बाबांनी तिला "तुझी पसंती लागेल" असं म्हणून आणलं. लेकीला द्यायची वस्तू तिच्या नजरेखालून जायला हवी होती. पलंग शेडमधे उभा होता, सागवानी, अजून पॉलिश व्हायचा. उजवी बाजू सपाट फळ्यांची, डावी डोक्याकडून उचललेली. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या खुरावरून उगीच हात फिरवत राहिले. आता खुर्चीची उंची संपणार होती.

सुतार म्हणाला, "पॉलिश मारायच्या आधी दोघांनी झोपून बघा. मागून कटकट नको."

आम्ही दोघंही खांबासारखे उभे. बाबांसमोर मी ह्यांच्या शेजारी बाकावरसुद्धा बसत नव्हते. हे चिंचेकडे बघायला लागले, मी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागले. सुतार कंटाळून म्हणाला, "बाय, पलंग काय नुसता बघायला करतात?"

"मी बघतो झोपून," बाबा म्हणाले. अंधेरीचा प्रसंग ते विसरले नसावेत, कारण आधी त्यांनी टेकू हलवून पाहिला. मग टोपी काढून चढाच्या बाजूला टेकले. तसा बाबांना हिवाळ्यात खोकला असायचा. घरी ते ओटीवर वळकटीला पाठ लावून बसल्याबसल्याच रात्र काढायचे. टेकल्यावर त्यांच्या तोंडातून "वा" असं बाहेर पडलं.

"एका बाजूला वजन येऊन चालत नाय," सुतार म्हणाला. "मधली पट्टी वाकते का ते कसं कळणार? दुसरीकडे पण कोणतरी पाहिजे."

ह्यांनी सासऱ्याच्या शेजारी झोपायचं म्हणजे पाय लागायची भीती. मी बाबांच्या शेजारी जाऊ शकले असते, पण मला लाज वाटली. बाबांनी जरा खाकरून छपराकडे बघत म्हटलं, "अगं, तूच ये."

"इश्श. काहीतरीच," आई म्हणाली. तिने शेडबाहेर कुणी आहे का ते पाहिलं. मग चप्पल काढली, पदर घट्ट खोचला आणि सपाट बाजूला अगदी कडेला, अंग चोरून आडवी झाली. आणि तिला हसू फुटलं. आधी नुसतं पोट हललं, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी. बाबा म्हणाले, "अगं, पट्टी वाकेल." तशी ती आणखीच हसली. माझी आई अशी हसू शकते हे मला माहीत नव्हतं. ती आमच्या घरातली सगळ्यांत गंभीर व्यक्ती होती.

मग ती गप्प झाली. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की तिला झोप लागली आहे.

भर दुपारी, परक्या माणसाच्या शेडमधे, आजूबाजूला लाकडाचा भुसा. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. सुताराने रंधा खाली ठेवला आणि तो बाहेर जाऊन विडी ओढत बसला. बाबा उठले नाहीत, कारण उठले असते तर पलंग हलला असता. ते मान वळवून तिच्याकडे बघत राहिले, आणि घड्याळाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

मला तेव्हा एकदम कळलं की मी आई आणि बाबांना असं शेजारी कधीच पाहिलेलं नाही. बाबांचं अंथरूण ओटीवर. आईचं स्वयंपाकघरात, चुलीशेजारी, एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला धाकटी भावंडं. आमच्याच नव्हे, कुणाच्याच घरात मी तसं पाहिलं नव्हतं. मुलं झाली की बाईने मुलांजवळ झोपायचं, हे इतकं ठरलेलं होतं की त्यात कुणाचं काही जातंय असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्या तर नाहीच आलं. मी सहा महिन्यांत एका खुर्चीच्या उंचीला वैतागले होते. मला रडू आलं आणि मी ते ह्यांच्यापासून लपवायला वळले, तर हेच डोळे पुसत होते. म्हणाले, "भुसा गेला."

आई जागी झाली ती दचकून, "अगंबाई" म्हणत, आणि बोरीवली येईपर्यंत कुणाशी बोलली नाही.

पुढच्या रविवारी बोरीवलीला जेवायला बोलावलं होतं. पलंग मुलुंडला न्यायला बैलगाडी ठरवायची होती. पानं वाढली, आईने तूप घातलं आणि ह्यांनी हात आखडता घेतला.

"आता काय राहिलं?" आईने घाबरून विचारलं.

"पलंग."

"अहो, दिला ना पलंग," बाबा म्हणाले. "दिवाळसण एकदाच असतो, जावईबापू."

"मी त्या दिवशीच्या पानावरून अजून उठलोच नाही असं समजा. तो पलंग इथे ठेवायचा. तुमच्या माजघरात."

मी भात वाढत होते. माझा हात तिथेच थांबला. ह्यांनी मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. माझा पलंग, ज्याच्या खुरावरून मी हात फिरवलेला, आणि हा माणूस तो परस्पर देऊन मोकळा. मी ह्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर ताट सोडून पळाला असता. पण मग आईकडे नजर गेली. ती चुलीकडे तोंड करून उभी होती आणि तिची मान लाल झाली होती. माझा राग गेला नाही, पण त्याला बोलायला तोंड उरलं नाही.

"लोक काय म्हणतील?" बाबा हळू म्हणाले. "या वयात?"

"लोकांना सांगायचं, लेक-जावई येतात तेव्हा त्यांना लागतो. पलंग आमचाच. तुमच्याकडे फक्त ठेवायला." हे अगदी मापं घेतल्यासारखं बोलत होते. "एक आहे मात्र. नव्या सागवानावर कुणी झोपलं नाही तर ते वाकतं. सुतार म्हणाला. तेव्हा रोज कुणीतरी झोपत राहायला हवं. दोन्ही बाजूंनी."

सुतार असं काहीही म्हणाला नव्हता. बाबांना ते कळलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी बराच वेळ भाताचा एकच घास चिवडला. मग म्हणाले, "लाकूड खराब व्हायला नको. महाग असतं." आणि आईला म्हणाले, "वाढ त्यांना. जावई जेवायचा थांबलाय."

मुलुंडला पोचेपर्यंत मी ह्यांच्याशी बोलले नाही. घरी आल्यावर ह्यांनी दारामागून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. तो पाठीचा नमुना होता, बिजागरीचा, खाचांचा. हे आदल्याच दिवशी वाकोल्याला जाऊन सुताराकडून तो मागून घेऊन आले होते. ह्यांनी माझी चटई अंथरली, तिच्याशेजारी आपली, डोक्याकडे ती फळी लावली, टेकू एका खाचेत बसवला, आणि पहिल्यांदा माझ्या उंचीवर येऊन टेकले. "बरं वाटतंय का?" मी विचारलं. मान वर करावी लागली नाही. ह्यांनी उत्तर दिलं ते माझ्या कानाशी, आणि ते काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. आरामखुर्चीत दुसऱ्या दिवसापासून मी धुतलेले कपडे घड्या घालून ठेवायला लागले.

संक्रांतीला तिळगूळ द्यायला बोरीवलीला गेलो. पलंग माजघरात होता, वर जुनी चादर, उशाशी बाबांची खोकल्याची बाटली. धाकटी भावंडं ओटीवर झोपत होती आणि त्याबद्दल तक्रार करत होती. बाबा बाहेर ह्यांना किती वाजले ते सांगत होते. मी स्वयंपाकघरात आईला गूळ चिरू लागले आणि न राहवून विचारलं, "आई, पलंग कसा आहे गं?"

"बरा आहे," आई म्हणाली. "वाकला नाही."

मग तिने ओटीकडे एकदा पाहिलं, विळी बाजूला सरकवली आणि माझ्याकडे झुकून अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "अगं, हे झोपेत हसतात. इतक्या वर्षांत मला ठाऊकच नव्हतं."